गावाशेजारची लहान गॅसविहीर: भीती तेलाची, धोका खाऱ्या पाण्याचा

ऑगस्ट 2025 मध्ये तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यातून एक बातमी आली. ओएनजीसीला त्या जिल्ह्यात तेल-वायूच्या 20 शोधविहिरी खोदण्यासाठी राज्यस्तरीय प्राधिकरणाने पर्यावरण मंजुरी दिली होती, आणि गावांना ते कळले मंजुरी मिळून गेल्यानंतर. शेतकरी संघटनांनी आवाज उठवला, राजकीय पक्ष उतरले. काही दिवसांतच राज्याच्या अर्थमंत्र्यांनी जाहीर केले, की मंजुरी मागे घेण्याच्या सूचना दिल्या आहेत आणि राज्यात हायड्रोकार्बन प्रकल्पांना परवानगी मिळणार नाही.

महाराष्ट्रात जमिनीवर तेल-वायूचे उत्पादन होत नाही. आपले बॉम्बे हाय समुद्रात आहे. मग पीक सल्ल्याच्या या संकेतस्थळावर हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण गुजरात, आंध्र, तमिळनाडू आणि आसाममध्ये अशा विहिरी शेतात आहेत, आणि त्या वायूची वाहिनी आपल्याकडेही शेतातूनच जाते. गेल्या काही वर्षांत वाहिनीच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांचे बरेच प्रश्न माझ्याकडे आले. शिवाय युरिया तयार होतो तो नैसर्गिक वायूपासून. देशात वापरल्या जाणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा आयात करावा लागतो. त्यामुळे देशातला लहानसहान साठाही बाहेर काढण्याचा सरकारचा आग्रह समजण्यासारखा आहे. प्रश्न एवढाच, की ज्याच्या शेतात तो साठा निघतो त्याच्या जमिनीचे पुढे काय होते. त्याचे उत्तर मातीशास्त्राच्या अंगाने पाहू. आंदोलनाच्या मंडपात आणि कंपनीच्या माहितीपत्रकात ते क्वचितच सापडते.

(या लेखात गॅसविहीर म्हणजे तेल-वायूची विहीर. पाण्याच्या विहिरीला नुसते विहीर किंवा बोअर म्हटले आहे.)

नेडुवासलमध्ये काय घडले

लहान क्षेत्राचा प्रश्न समजून घ्यायचा तर पुदुकोट्टई जिल्ह्यातील नेडुवासलचे उदाहरण पाहावे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या कडेला, आलंगुडी तालुक्यात हे गाव आहे. पण कालव्याच्या पाण्यावर भात घेणारा हा भाग नव्हे. माती लाल, निचऱ्याची. पाणी खोल बोअरचे. त्यावर नारळ, केळी, भुईमूग, ऊस, फणस आणि फुलपिके उभी आहेत. लोकांनी कर्ज काढून बोअर घेतले आणि त्यावर बागा उभ्या केल्या. अशा गावाला भूजलाबद्दल काही सांगितले की ते कान टवकारून ऐकणारच.

15 फेब्रुवारी 2017 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने देशातील 31 कंत्राट क्षेत्रांचे वाटप मंजूर केले. त्यात नेडुवासलचे सुमारे 10 चौरस किलोमीटरचे क्षेत्र होते, आणि ते कर्नाटकातील जेम लॅबोरेटरीज या कंपनीला मिळाले. दुसऱ्याच दिवशी गावात धरणे सुरू झाले. 22 दिवसांनी ते स्थगित झाले, मार्चअखेर दिल्लीत करारावर सह्या झाल्या आणि एप्रिलमध्ये लोक पुन्हा मंडपात येऊन बसले. आंदोलनाची ही दुसरी फेरी शंभराहून अधिक दिवस चालली. प्रत्यक्ष काम सुरू झालेच नाही.

ज्या धोरणाखाली हे वाटप झाले त्याचे नाव 'शोध लागलेली लहान क्षेत्रे'. ओएनजीसी किंवा ऑइल इंडियाने पूर्वी खोदून साठा शोधला, पण आकार लहान आणि खर्च जास्त म्हणून तो तसाच सोडून दिला. अशा 67 क्षेत्रांची 46 कंत्राट क्षेत्रांत मांडणी करून 2016 मध्ये पहिला लिलाव निघाला. लहान कंपन्यांनाही भाग घेता यावा म्हणून अटी सैल ठेवल्या. एकाच परवान्यात तेल, वायू, कोळशाच्या थरातील मिथेन, शेल वायू असे सगळे प्रकार बसवले. कागदावर ही सोय होती. गावात मात्र तिने संशय पेरला, कारण 'हायड्रोकार्बन' या एका शब्दाखाली नेमके काय काढणार आहेत हे कोणालाच कळेना.

हा संशय हवेतून आलेला नव्हता. जवळच्याच मन्नारगुडी भागात 691 चौरस किलोमीटरचा कोळशाच्या थरातील मिथेनचा प्रकल्प येऊ घातला होता. त्या प्रकारात आधी कोळशाच्या थरातील पाणी उपसून थराचा दाब कमी करावा लागतो, तेव्हाच वायू सुटतो. म्हणजे भूजल उपसणे हा त्या प्रक्रियेचाच भाग. त्याविरुद्ध गावोगाव फिरणारे नैसर्गिक शेतीचे शास्त्रज्ञ जी. नम्माळवार यांचे 30 डिसेंबर 2013 रोजी पट्टुकोट्टईजवळ, त्या मोहिमेवर असतानाच निधन झाले. पुढे राज्य सरकारने 2015 मध्ये तो प्रकल्प नाकारला. त्यानंतर दोन वर्षांनी नेडुवासलच्या लोकांपुढे हायड्रोकार्बन हा शब्द आला, तेव्हा त्यांनी त्याचा अर्थ मन्नारगुडीवरूनच लावला.

तांत्रिकदृष्ट्या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. नेहमीच्या गॅसविहिरीत वायू दगडाच्या सच्छिद्र थरात दाबाखाली असतो आणि छिद्र मिळाले की स्वतःच वर येतो. त्यासाठी गावाचे भूजल उपसावे लागत नाही. गावात पोहोचलेले 'वाळवंट होईल' हे भाकीत म्हणून मला मान्य नाही. पण त्याला उत्तर म्हणून 'जागा तर एवढीशीच लागते' असे सांगितले जाते, तेही मला पटत नाही. दोन्ही बाजू खऱ्या प्रश्नाला वळसा घालून जातात.

एवढीशी जागा म्हणजे किती

जमिनीवरच्या एका गॅसविहिरीसाठी साधारण एक ते दोन हेक्टरचा चौक तयार करतात. म्हणजे अडीच ते पाच एकर. आपल्याकडच्या अल्पभूधारकाची ती अख्खी शेती झाली. वरची माती खरवडतात, मुरूम-खडी टाकून रोलर फिरवतात, कारण खोदाईच्या यंत्राचे आणि अवजड वाहनांचे वजन जमिनीने पेलले पाहिजे. त्याशिवाय डंपर जाईल असा रस्ता लागतो. खोदाई काही महिने चालते. वायू मिळाला तर चौकातली थोडी जागा पुढची कित्येक वर्षे कुंपणात राहते आणि बाकीची परत मिळते. मिळाला नाही तर सगळी परत मिळते.

परत मिळते म्हणजे कशी मिळते, हा खरा प्रश्न आहे. वरचा 15 ते 20 सेंटिमीटरचा थर म्हणजे शेतकऱ्याची कमाई. सेंद्रिय कर्ब, जिवाणू, भुसभुशीतपणा सगळे तिथे. तो थर वेगळा काढून, कमी उंचीच्या ढिगात, पाणी साचणार नाही अशा जागी ठेवला आणि काम संपल्यावर पुन्हा वर पसरला, तर दोन-तीन हंगामांत जमीन रुळावर येते. तो मुरुमात मिसळला, तर पुढची दहा वर्षे शेणखत घालूनही फरक दिसत राहतो. आणि खाली रोलरने जो घट्ट थर तयार झालेला असतो, त्यात नुसत्या नांगराचे काही चालत नाही. तिथे सबसॉयलरच हवा, तोही जमीन कोरडी असताना. वाफशावर चालवला तर माती फुटण्याऐवजी चिरली जाते.

खोदाईत ड्रिलिंग मड वापरतात. त्यात बेंटोनाइटची माती, वजनासाठी बॅराइट, काही पॉलिमर आणि बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असते. पोटॅशियम क्लोराइड म्हणजे आपले म्युरेट ऑफ पोटॅशच. नाव ऐकून घाबरू नये आणि 'हे तर खतच आहे' असे कोणी म्हणाले तर भुलूही नये. आपण ते एकरी किलोत मोजतो, मडमध्ये ते पाण्यात टक्क्यांनी असते. वर आलेला दगडाचा चुरा आणि वापरलेले मड अस्तर घातलेल्या खड्ड्यात साठवायचे आणि त्याची विल्हेवाट कशी लावायची, याचे नियम 30 ऑगस्ट 2005 च्या केंद्रीय अधिसूचनेत आहेत. पावसाळ्यात हा खड्डा भरून वाहिला का, अस्तर फाटले का, हे बांधावरच्या माणसालाच सगळ्यात आधी दिसते.

खारे पाणी

तेलाचा डाग डोळ्यांना दिसतो, वास येतो, म्हणून त्याची भीती जास्त. प्रत्यक्षात मातीतले थोडेफार तेल जिवाणू खाऊ शकतात. ओएनजीसी आणि टेरी यांच्या संयुक्त कंपनीचे काम याच तत्त्वावर चालते. तेल खाणाऱ्या जिवाणूंचे मिश्रण सोडायचे, माती हलवत राहायची, नत्र-स्फुरद द्यायचे, आणि काही महिन्यांत तेल उतरते. नत्र द्यावेच लागते, कारण तेलातला कर्ब खाताना जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. ताजे, न कुजलेले गव्हाचे काड जमिनीत गाडल्यावर जे होते तेच.

मीठ मात्र कोणताही जिवाणू खात नाही. वायू आणि तेलाबरोबर खोल थरातले पाणी वर येते. लाखो वर्षे दगडात अडकलेले हे पाणी खारे असते. कुठे थोडे, कुठे समुद्रापेक्षाही जास्त. विहीर जुनी होत जाते तसे तेल कमी आणि पाणी जास्त येऊ लागते. लहान क्षेत्रात उत्पन्नच कमी, त्यामुळे या पाण्यावर खर्च करण्याची कंपनीची ऐपत नेमकी तेव्हाच आटत जाते, जेव्हा पाणी वाढत असते.

या पाण्याची योग्य विल्हेवाट म्हणजे ते पुन्हा खोल, हजार मीटरच्या खाली, जमिनीत सोडणे. ते न करता प्रक्रिया करून जमिनीवर सोडायचे असेल, तर केंद्राचे मानक लागू होते. एकूण विरघळलेले क्षार लिटरला 2100 मिलिग्रॅमपर्यंत, क्लोराइड 600 मिलिग्रॅमपर्यंत, तेल व ग्रीस 10 मिलिग्रॅमपर्यंत. कंपनीचा अहवाल 'मानकाच्या आत' असा येतो आणि गावाला वाटते, पाणी चांगले आहे.

इथे थोडे गणित करू. 2100 मिलिग्रॅम म्हणजे आपल्या प्रयोगशाळेच्या भाषेत सुमारे 3.3 डेसीसायमन प्रति मीटर विद्युत वाहकता. एफएओच्या ओलिताच्या पाण्याच्या वर्गवारीत 0.7 पर्यंतचे पाणी बिनधोक, 0.7 ते 3 जपून वापरण्याचे आणि 3 च्या पुढचे कडक निर्बंधाचे. पिकानुसार पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. भुईमूग 2.1 पर्यंतचे पाणी सोसतो आणि 3.3 ला त्याचे उत्पादन निम्म्यावर येते. भाताला साधारण पाव हिश्शाचा फटका बसतो. कांदा तर 2.9 लाच निम्मा होतो. म्हणजे मानकात पूर्ण बसणारे पाणी, एक थेंबही नियम न मोडता, नेडुवासलच्या भुईमुगाचे उत्पन्न अर्धे करू शकते.

दुसऱ्या बाजूने मोजा. पाच सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे हेक्टरी पाच लाख लिटर पाणी. त्यात लिटरला 2.1 ग्रॅम क्षार, म्हणजे एका पाळीत हेक्टरी एक टनापेक्षा जास्त मीठ शेतात आले. आपण पोटॅशची पिशवी उचलताना दहादा विचार करतो.

हे मानक ओलितासाठी केलेलेच नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. ते सांडपाणी सोडण्याचे मानक आहे. पण सोडलेले पाणी ओढ्याला मिळते, उन्हाळ्यात ओढ्यात दुसरे पाणी नसते, आणि ओढ्यावर मोटार असते. तिथून ते ओलिताचे पाणी होते. गावाच्या आसपास अशी जागा येणार असेल, तर सोडलेल्या पाण्याला सांडपाण्याचे मानक न लावता ओलिताच्या पाण्याचे मानक लावण्याची मागणी व्हायला हवी. नेडुवासलच्या आंदोलनावरच्या बातम्या मी पुष्कळ वाचल्या. त्यात खोदाई किती खोल, वायू किती, करार कोणाचा हे सगळे होते. ही मागणी मला दिसली नाही.

मातीप्रमाणे नुकसानीची जातही बदलते. लाल, हलक्या जमिनीतून मीठ पावसाने लवकर धुऊन जाते, पण जाते ते बोअरच्या पाण्यात. काळ्या चिकण जमिनीत ते मुळाशी अडकून बसते, त्यातला सोडियम मातीचे कण विस्कटतो, पाणी मुरेनासे होते आणि जमीन चोपण होते. मग जिप्सम, निचऱ्याचे चर, हिरवळीची खते असा अनेक वर्षांचा खर्च मागे लागतो. ही दुखणी आपल्याकडच्या सहकारी उसाच्या पट्ट्यात लोकांनी सोसली आहेत. तिथे कारण अतिपाणी होते, एवढाच फरक.

क्वचित होणारा, पण मोठा अपघात

वर सांगितले ते रोजचे, सावकाश होणारे नुकसान. दुसरे एका रात्रीत होते. 27 मे 2020 रोजी आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान येथील ऑइल इंडियाच्या पाच क्रमांकाच्या गॅसविहिरीचा ताबा सुटला आणि वायू उसळू लागला. 9 जूनला आग लागली, दोन अग्निशामक कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला, हजारो लोकांना घरे सोडावी लागली. विहीर पूर्ण शांत झाली ती 15 नोव्हेंबरला. पहिल्या दोन आठवड्यांत, आग लागण्यापूर्वी, वायूबरोबर येणारा हलक्या तेलाचा फवारा वाऱ्याने चहाच्या मळ्यांवर, भाताच्या शेतांवर आणि मागुरी-मोटापुंग तलावावर पसरला. पानावर असा थर बसला की पर्णरंध्रे बुजतात. त्या वर्षीची पाने गेली हे नुकसान मोजता येते. तळ्यातला मासा आणि बांधावरची जनावरे यांचा हिशेब फार अवघड.

आंध्र प्रदेशात पासर्लपुडी येथे 1995 मध्ये अशीच आग 65 दिवस धुमसली होती. असे अपघात वारंवार होत नाहीत हे खरे आहे. पण गॅसविहीर घरापासून आणि गोठ्यापासून किती अंतरावर असावी याची चर्चा त्या एका दिवसासाठी करायची असते.

लहान गोष्टीही असतात. रात्रभर जळणाऱ्या वायूच्या ज्योतीचा उजेड. सोयाबीनसारखी दिवसाच्या लांबीवर फुलणारी पिके प्रखर दिव्याजवळ उशिरा फुलतात आणि हिरवीच राहतात. भाताच्या काही जुन्या वाणांचेही तसेच. वाहिनीतून मातीत वायू झिरपत असेल तर मुळांजवळचा प्राणवायू हटतो आणि उभ्या पिकात गोल पिवळा पट्टा दिसतो. त्याला झिंक, फेरस मारत बसू नये. वाहिनीवरच्या खांबावर लिहिलेल्या नंबरवर आधी फोन करावा.

मंजुरी, पैसा आणि कागद

रामनाथपुरमच्या गावांना आधी का कळले नाही? 16 जानेवारी 2020 च्या केंद्रीय अधिसूचनेने तेल-वायूच्या शोधविहिरींना 'बी-2' गटात टाकले. या गटात जनसुनावणी नाही आणि मंजुरी राज्यस्तरावरच मिळते. शोध लागून प्रत्यक्ष उत्पादन सुरू करायचे असेल तेव्हा मात्र 'ए' गट आणि जनसुनावणी. सरकारचे म्हणणे असे, की शोधविहीर तात्पुरती असते. पण माती खरवडणे, मडचा खड्डा, रस्ता, रोलर हे सगळे शोधाच्या टप्प्यातच होते. शेतकऱ्याला बोलायला मिळते तेव्हा चौक तयार झालेला असतो. हा नियम बदलायला हवा असे माझे स्पष्ट मत आहे. सुनावणी लांबलचक नको असेल तर ग्रामसभेपुढे मातीचा आणि पाण्याचा खोदाईपूर्व अहवाल ठेवण्याची तरी सक्ती करावी.

पैशाची वाटही समजून घ्यावी. जमिनीवरच्या उत्पादनावर तेलाला 12.5 टक्के आणि वायूला 10 टक्के स्वामित्वधन आहे आणि ते राज्य सरकारला मिळते. कोळसा किंवा लोहखनिजाच्या खाणीशेजारच्या गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान असते, त्यात ठरावीक वाटा जमा होतो. चंद्रपूर, गडचिरोलीच्या वाचकांना ते माहीत आहे. तेल-वायूला हा नियम लागू नाही, कारण खाण कायद्याच्या व्याख्येतूनच खनिज तेल वगळलेले आहे. त्यामुळे गॅसविहिरीशेजारच्या गावाला हक्काने असे काही मिळत नाही. कंपनीच्या सामाजिक निधीतून शाळेची खोली किंवा हायमास्ट दिवा, एवढेच. मार्च 2025 मध्ये संसदेने तेलक्षेत्र कायद्यात दुरुस्ती मंजूर केली. जुना हजार रुपयांचा दंड 25 लाखांपर्यंत गेला, हे चांगले झाले. गावाच्या वाट्याचा मुद्दा तिथेही आला नाही.

विहीर संपल्यावर ती सिमेंटने बंद करणे आणि जागा पूर्ववत करणे ही कंपनीची जबाबदारी. त्यासाठी वेगळ्या खात्यात पैसे बाजूला ठेवण्याची 1999 पासूनची योजना आहे. हा हिशेब कंपनी आणि मंत्रालय यांच्यातला. ज्याची जमीन आहे, त्याची 'मला जमीन नीट मिळाली' अशी सही त्यात लागत नाही. मोठी सरकारी कंपनी वीस वर्षांनीही तिथेच असते, निदान तिचे कार्यालय सापडते. लहान क्षेत्र घेणारी लहान कंपनी तोवर विकली गेलेली असू शकते. लहान क्षेत्रांच्या धोरणात मला सर्वांत कच्चा वाटणारा दुवा हा आहे.

तमिळनाडूने फेब्रुवारी 2020 मध्ये वेगळा मार्ग घेतला. कावेरी त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषी विभाग ठरवणारा कायदा केला आणि तिथे तेल-वायूचा नवा शोध आणि खोदाई बंद केली. पुदुकोट्टईचे काही गट त्यात आले. चालू प्रकल्पांना मात्र हात लावला नाही. 30 जून 2017 रोजी तंजावर जिल्ह्यातील कदिरामंगलम येथे जी वाहिनी फुटून शेतात तेल पसरले, ती जुन्याच कामाचा भाग होती. आणि रामनाथपुरम त्रिभुज प्रदेशाच्या बाहेर, म्हणून कायद्याच्याही बाहेर राहिला. तिथल्या मुंडू मिरचीला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मिरची क्षाराला भाताहूनही नाजूक पीक आहे.

आपल्याकडची वाहिनी

आता घरचे. वायूची वाहिनी 1962 च्या कायद्याखाली टाकली जाते. जमीन मालकी हक्काने जात नाही, वापराचा हक्क जातो. त्यासाठी जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के रक्कम आणि पिकाची, झाडांची प्रत्यक्ष नुकसानभरपाई मिळते. पहिली अधिसूचना निघाल्यापासून 21 दिवसांत लेखी हरकत घेता येते. रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येते. पट्ट्यात हंगामी पीक घेता येते, पण घर, विहीर, शेततळे आणि झाड यांना कायमची मनाई. डाळिंब, द्राक्ष, आंबा असणाऱ्याने हे नीट वाचावे. बागेतून पट्टा गेला तर तिथे पुन्हा बाग नाही. 10 टक्क्यांत हे नुकसान भरून निघत नाही, म्हणून मार्ग बांधाच्या कडेने वळवण्याची हरकत त्या 21 दिवसांतच घ्यावी.

खोदाईपूर्वी शेताचे माती नमुने घ्यावेत. पट्ट्यातला आणि पट्ट्याबाहेरचा नमुना वेगळा, 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंटिमीटर असे दोन थर. सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुना एवढे तरी तपासावे. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याची वाहकता, क्लोराइड आणि सोडियम शोषण गुणोत्तर एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यानंतर बघावे. अहवालावर गट क्रमांक हवा, नुसते गावाचे नाव नको. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत सोबत ठेवावी. कामाच्या दिवशी वरची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला पडते का, याचे तारखेसह फोटो काढावेत. करारात 'जमीन पूर्ववत करून देऊ' एवढेच वाक्य असेल, तर त्यात वरच्या थराची जाडी आणि सबसॉयलिंगचा उल्लेख लिहून मागावा.

हे मी अनुभवावरून सांगतो. मराठवाड्यातील एक शेतकरी दोन वर्षांपूर्वी सोयाबीनची पिवळी पाने पिशवीत घालून माझ्याकडे आला होता. त्याने सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या तीन फवारण्या केल्या होत्या. शेतात गेलो तर पिवळेपणा सरळ रेषेत, वाहिनीच्या पट्ट्यापुरता. खोदाईत खालची चुनखडीची पांढरी माती वर आली होती आणि काळी माती तिच्याखाली गाडली गेली होती. मुक्त चुना पट्ट्यात बाहेरच्या दुपटीहून जास्त निघाला. अशा जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही. पट्ट्यात सोयाबीनऐवजी ज्वारी किंवा करडई घ्यावी, एकरी सहा-सात गाड्या शेणखत सलग तीन वर्षे द्यावे आणि फेरस शेणखतात मुरवून द्यावे, असे सुचवले. यंदा फरक दिसतो आहे, पण पट्टा अजून रस्त्यावरून ओळखू येतो. त्याने भरपाईचा अर्ज केला होता. तिकडून पत्र आले, की जमीन आधीपासूनच चुनखडीची नव्हती हे दाखवणारा खोदाईपूर्वीचा अहवाल जोडा. तो त्याच्याकडे नाही. सध्या आम्ही शेजारच्या गटाचा जुना मृद आरोग्य पत्रिकेचा क्रमांक शोधत आहोत.